शालीखालची पिल्लं

१

दार उघडून पाऊल बाहेर टाकलं, तर तळव्याला काहीतरी गार आणि केसाळ लागलं.

काजळी होती. आमची कुत्री. माझ्या उंबऱ्याला आडवी पडली होती. पाय लागला तरी तिने शेपूट हलवली नाही, तेव्हाच मी समजले.

मी काही उठल्या-बसल्या घाबरणारी बाई नाही. आमचा धुलाईचा कारखाना आहे. इस्पितळांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल आमच्याकडे येतात. खाली बॉयलर, हौद, पिळायचं मशीन आणि वाळवणीची गरम खोली. वर आम्ही राहतो. नवरा गेल्यापासून बॉयलरपासून बायकामाणसांपर्यंत सगळं मी एकटीने तापवलं आणि थंड केलं आहे. शाळेत माझं फारसं जमलं नाही, पण डाग कशाचा ते मी हातभर लांबून सांगते. अशी मी, आणि त्या सकाळी दाराची कडी धरून उभी राहिले, कारण गुडघे ऐकेनात.

मेलेल्या कुत्रीने माझे गुडघे गेले नाहीत. गेले ते तिच्या तोंडापाशी आडव्या पडलेल्या पेल्याने. तो माझा पेला होता. धाकटी सून रोज संध्याकाळी त्यात दूध आणते आणि दाराबाहेरच्या स्टुलावर झाकून ठेवते. निजताना मी तो आत घेते. आदल्या रात्री दमून पाठ टेकली ती तशीच झोपले, दूध बाहेरच राहिलं. आता झाकण एकीकडे, पेला एकीकडे, आणि पेल्यात थेंब नाही.

पलीकडचं दार उघडलं. वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण. तरुणपणीच पांढरं कपाळ घेऊन माहेरी परतल्या, त्या इथल्याच झाल्या. खांद्यावर नेहमीची तपकिरी शाल. त्यांनी काजळीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"वहिनी, ते दूध तू प्यायली नाहीस ना?"

माझ्या मनात अजून जे नीट उगवलंही नव्हतं, ते त्यांनी बोलून टाकलं.

२

बघता बघता घर जिन्यात गोळा झालं. थोरला आला, धाकटा आला, धाकटी पदराला हात पुसत आली. थोरल्याची बायको माहेरी गेलेली होती, नाहीतर तिनेही दोन काड्या टाकल्याच असत्या. खालून मुकादम वर आला आणि पायरीवरच थांबला.

थोरला काजळीकडे न बघता थेट धाकटीकडे बघत राहिला. तोंडाने बोलला असता तर बरं झालं असतं. धाकटीने ती नजर झेलली आणि म्हणाली की दूध तिनेच ठेवलं होतं, रोज तीच ठेवते, आणि भाऊजींना काही विचारायचं असेल तर तोंड उघडून विचारावं. तिची जीभ माझ्याच सहाणेवर घासलेली आहे. म्हणून तर ती माझ्या मनात भरली होती.

घोळही तिथेच होता. गेल्या सुट्टीच्या दिवशी जेवताना मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की पुढच्या महिन्यापासून कारखाना धाकटीने बघायचा. थोरल्याचं तोंड कडू झालं. मुकादमाचं त्याहून कडू, कारण काम लवकर उरकायला चादरी जाळणारं जहाल ब्लीचचं पाणी तो हौदात ओततो हे धाकटीनेच उघडं पाडलं होतं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तो बायकांत बोलल्याचं माझ्या कानावर होतं. पण आता दिसत होतं ते भलतंच. जिला मी सगळं देऊ केलं, तिला महिनाभरही दम निघाला नाही, असंच कुणालाही वाटलं असतं.

थोरला म्हणाला, पोलिसांना बोलवू. धाकटा म्हणाला, बोलवा, पण माझ्या बायकोवर बोट ठेवलंत तर आम्ही दोघं आजच घर सोडू. धाकटी काही न बोलता खोलीत गेली आणि बॅग काढल्याचा आवाज आला.

मी सांगितलं, दिवस मावळेपर्यंत कुणी कुठे जायचं नाही आणि कुणाला बोलवायचंही नाही. आवाज माझा मलाच चिरका वाटला. निर्दोष सुनेला घराबाहेर काढलं तर मुलगा गेला, आणि दोषी सुनेला घरात ठेवलं तर मी गेले. मधला रस्ता दिसत नव्हता.

धाकटीने सकाळचं केलेलं खाणं तसंच झाकलेलं होतं. मला झाकणाकडे बघवेना. वन्संनी ते ओळखलं. त्यांनी माझ्यासाठी वेगळी चूल पेटवली, वेगळं भांडं माझ्यासमोर घासलं, आणि मी लहान मुलासारखी त्यांच्या हातचं खाल्लं. जन्मभर दुसऱ्यांना पंगतीत बसवणारी मी, भिंतीला पाठ लावून, दाराकडे डोळे ठेवून जेवले.

३

धाकट्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. पोरगेली बाई, पण हात धीट. तिने काजळीचं तोंड उघडलं, जिभेखाली पाहिलं, मग उंबऱ्याभोवतीची फरशी पाहिली, आणि मला विचारलं की आजी, तुमची झोप कशी आहे? आजी म्हटलेलं मला आवडत नाही, पण ती वेळ ते सांगायची नव्हती. म्हटलं, दोरीवरून ओली चादर घसरली तरी मला जाग येते.

मग ती जे बोलली ते मी जिन्याचा कठडा धरून ऐकलं. काजळीचं तोंड आतून भाजलेलं होतं. असं काही पोटात गेलं की जनावर ओकतं, विव्हळतं, पाय झाडतं. इथे फरशी कोरडी, पायपुसणं सरळ, आणि दाराच्या आत झोपलेल्या बाईला चाहूल नाही. "ही इथे मेलेली नाही. हिला मेल्यावर कुणीतरी इथे आणून ठेवलं आहे."

तोंड भाजणारी चीज आमच्या घरात एकच, गंजाचे डाग घालवायची पूड. खाली डाग काढायच्या खोलीत असते आणि किल्ली बाहेरच खिळ्याला. घरातला कुणीही हात घालील.

खाली पिल्लं रडत होती. वाळवणीच्या खोलीला लागून खोक्यात काजळीने पाच पिल्लं घातली होती. डोळे उघडून आता कुठे पायांवर झोकांड्या खात होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाटलीने दूध पाजून दाखवलं, तरी पोट भरलेली ती पोरकी पोरं हुंगत हुंगत खोक्याच्या कडेला धडकत राहिली.

"आईला शोधताहेत," ती म्हणाली. जन्मतात तेव्हा ही आंधळी असतात आणि बहिरीही, पण नाक जागं असतं. आईच्या वासावर सरपटत जाऊन दूध शोधतात. पुढे डोळे आले तरी आपलं कोण आणि परकं कोण ते आधी नाकच ठरवतं. आईनं अंग टेकलेला कपडा दिला तर त्यावर निजतात, अनोळखी कुत्रीच्या कपड्याकडे वळतसुद्धा नाहीत. भावंडंही वासानेच ओळखतात. काजळीची जुनी चादर तिने खोक्यात नीट अंथरली, तशी पाचही जणं त्यात नाक खुपसून एकावर एक चढली आणि गप्प झाली.

"ही चादर धुवू नका," जाताना ती म्हणाली. "धुलाईवाले आहात, म्हणून मुद्दाम सांगते."

हे ऐकायला मी आणि धाकटा दोघंच होतो. वन्सं वर माझ्यासाठी खीर करत होत्या.

मी पिल्लांकडे बघत राहिले. मेलेल्या काजळीला कुणीतरी उचलून जिना चढलं होतं. जिवंत कुत्री उचलणं वेगळं. मेलेली अंगावर लोळते, लाळ गाळते, कपड्यांत मुरते. तो कपडा याच घरात होता. आणि तो अंगावर घेतलेलं माणूसही.

४

एकेकाला मी इस्त्रीच्या टेबलापाशी बोलावलं. बसायला दिलं नाही.

थोरला घामेजला होता. म्हणाला, संध्याकाळी तो गाडी घेऊन इस्पितळात चादरी पोहोचवायला गेला, आल्यावर जेवून झोपला. कुत्र्याला त्याने कधी हात लावला नाही आणि लावणारही नाही, हे तर मलाच ठाऊक. लहानपणी चावलं होतं त्याला. मग न विचारताच म्हणाला, धाकटीने केलं नसेलही, पण ती गेली तर घरात शांतता येईल. पोटचा गोळा असं बोलतो तेव्हा आईला कानात बोटं घालायची सोय नसते. सुंठीवाचून खोकला जाणार म्हणून तो खूश आहे, की सुंठ त्यानेच उगाळली आहे? माझे हात गार पडले. मी ते गरम इस्त्रीजवळ धरले.

धाकटी आली ती बॅग भरून. तिने आपली कैफियत मांडली नाही. एवढंच म्हणाली की दूध स्टुलावर ठेवलं तेव्हा खाली पिल्लं केव्हाची रडत होती, आणि काजळीला हाका मारल्या तरी ती आली नाही. "मी पोळ्या अर्ध्यावर सोडून आले होते, म्हणून शोधत बसले नाही. आई, तुम्ही सकाळपासून माझ्याकडे तोंड वर करून पाहिलेलं नाही."

हे खरं होतं. मी तेव्हाही पाहिलं नाही.

मुकादमाला मी आडून विचारलं. संध्याकाळची शेवटची खेप कधी काढली, बॉयलर कुणी विझवला, वाळवणीच्या खोलीत कोण होतं. त्याला वाटलं मी कामाची चौकशी करते आहे, तो फुशारकीने सांगत सुटला. मशीन चालू असतानाच म्हणे पिल्लांनी असा गलका केला की त्याचं डोकं उठलं. त्याने खोक्यात डोकावलं, तर आई बेपत्ता. बॉयलर विझवेपर्यंत आली नाही. "पोरं टाकून उंडारायला गेली असणार. बायकांच्या राज्यात कुत्रीही शेफारतात, मोठ्या बाई."

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण माझं मन त्याच्या आधीच्या वाक्यापाशी अडकलं होतं. धाकटी स्वतःला वाचवायला खोटं बोलेल. पण मुकादम तिला वाचवायला खोटं बोलणार नाही, उलट तिची बॅग तोच उचलून देईल. दोघं एकच सांगत होते. दूध स्टुलावर यायच्या आधीपासून काजळी पिल्लांपाशी नव्हती. दूध पाजणारी आई पिल्लं इतकी रडेपर्यंत लांब राहत नाही. म्हणजे ती तेव्हाच मेलेली होती. मशीनच्या धडधडीत तिचं विव्हळणं कुणाला ऐकू आलं नाही.

मेलेली कुत्री दूध पीत नाही. माझ्या दुधात काही नव्हतंच.

मग सुटले का मी? नाही. भीतीचं तोंड फक्त दुसरीकडे वळलं. दूध विषारी होतं असं मला वाटावं म्हणून कुणीतरी मुक्या जिवाला मारलं, काजळीला माझ्या उंबऱ्यावर मांडलं, पेला ओतून तिच्या तोंडाशी लावला. विष देणारा माणूस विष लपवतो. या माणसाला ते दाखवायचं होतं. मी घाबरावं आणि धाकटीला हाकलावं, एवढ्याचसाठी.

आणि धाकटी गेल्यावर घर शांत होईल असं मला एकानेच सांगितलं होतं.

५

कारखान्यात कामाला उतरणारा प्रत्येकजण जाड कापडाचा एप्रन घालतो. रात्री तो आपापल्या खिळ्याला लटकतो. घरचे कपडे आम्ही फक्त सुट्टीच्या दिवशी धुतो. गिऱ्हाइकाच्या कपड्यांत घरचं एक फडकंही जाता कामा नये, हा माझा नियम आहे आणि तो मोडायची कुणाची छाती नाही. सुट्टी अजून लांब होती. एप्रन आठवड्याभराचे मळलेले होते.

तीन एप्रन मी काढून आणले. थोरल्याचा, मुकादमाचा आणि धाकटीचा. खोक्याबाहेर जमिनीवर पसरले आणि पिल्लांना मधे सोडलं. आजूबाजूला सगळे होते. मी सांगितलं, पोरांना ऊब कशाची मानवते ते बघते आहे. म्हातारीचं डोकं फिरलं अशा चेहऱ्याने सगळे उभे राहिले.

मी उभी राहिले ती देवाचं नाव घेत. थोरल्याच्या एप्रनकडे जाऊ नका रे, एवढंच मनात होतं. पहिलं बाळ ते माझं.

पिल्लं डुलत निघाली. थोरल्याच्या एप्रनला हुंगलं, कडेचा चावा घेतला आणि सोडून दिलं. माझा श्वास सुटला. मुकादमाच्या एप्रनवर एक जण मुतलं. त्यातल्या त्यात ते मला पसंत पडलं. मग पाचही जणं धाकटीच्या एप्रनवर गेली, नाकं खुपसली आणि अंगं टाकली.

थोरला हळूच खाकरला. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. पिल्लं एप्रनवर का निजली ते त्याला माहीत होतं, कारण डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्याने ऐकलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, त्याऐवजी मस्तकातला गारठा तळपायात उतरला. सगळा हिशेब फिरला का? हिनेच का काजळीला उचलून नेलं? पण धाकटी रोज काजळीला खायला घालते, तिच्या मांडीला अंग घासूनच ती कुत्री जगली. वास त्याचाही असेल. असेल किंवा नसेल. मला ठरवता येईना.

तेवढ्यात वन्सं पुढे झाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "बिचारी पोरकी लेकरं. गारठतील," म्हणाल्या, आणि खांद्यावरची तपकिरी शाल काढून त्यांनी पाचही पिल्लांवर अलगद पांघरली.

सगळ्यांना गलबलून आलं. थोरल्याने मान फिरवली.

शाल हलली. एक नाक बाहेर आलं. मग एक पाय. मग एकामागून एक पाचही पिल्लं त्या उबदार शालीखालून रांगत बाहेर आली, गार फरशीवर आली, आणि शालीकडे पाठ करून एकमेकांना चिकटून बसली.

६

मी शालीकडे बघत राहिले.

दुपारी काम थंडावलं की वन्सं डाग काढायच्या खोलीत पाय पसरून बसायच्या. शाल मांडीवरून पायांवर सोडलेली, आणि तिच्या टोकावर हनुवटी टेकून काजळी घोरत पडलेली. हे मी रोज पाहत आले आहे. त्या शालीवर काजळीचे केस असायचे, लाळ असायची. मीच म्हणायचे, वन्सं, ही शाल तुमची की कुत्रीची? घरातल्या कुठल्याही कपड्याला काजळीचा वास असायला हवा तर तो याला. पिल्लांनी तिच्यात लोळायला हवं होतं.

आणि त्यांनी ती परक्यासारखी सोडून दिली.

मी वाकले. पिल्लांना सावरल्यासारखं केलं आणि शाल उचलून वन्संना देता देता नाकाशी नेली. साबण. वाळवणीच्या खोलीचा कोरडा करपट वास. एकही केस नाही.

तरी मी स्वतःला आवरलं. माणूस धुतं कधी अवेळी, चहा सांडतो, काही सांडतं. मी सहज विचारलं, "वन्सं, शाल मळली हो फार. कधी धुतली होतीत?"

"सुट्टीच्या दिवशी टाकीन आता," त्या म्हणाल्या. "मध्ये कुठे हात लावणार? तुझा नियम आहे ना."

माझ्या पोटात त्यांच्या हातची खीर होती. सकाळचं खाणं होतं. वेगळ्या चुलीवरचं, वेगळ्या भांड्यातलं, माझ्यासमोर घासलेल्या भांड्यातलं. मी तोंडावर हात दाबून मोरीकडे गेले आणि तिथे भिंत धरून उभी राहिले. मी ज्याला घाबरत होते ते दाराबाहेर नव्हतं. मी दिवसभर त्याच्याच मांडीला मांडी लावून जेवले होते.

७

कामकरी जेवायला गेले तशी मी दार लावून घेतलं. आत घरचे तेवढे आणि मुकादम. धाकटीला मी बॅग खाली ठेवायला सांगितली. वन्संना खुर्ची दिली. मी उभी राहिले.

मी एकेक उलगडत गेले. काजळी उंबऱ्यावर मेली नाही. दूध ठेवायच्या आधीच ती मेली होती, हे धाकटीही सांगते आणि तिचा वैरी मुकादमही सांगतो. म्हणजे दूध निर्मळ, आणि पेला नुसता देखावा. मी दूध आत घ्यायच्या आधीच तो मांडायचा बेत असणार, माझी झोप आयतीच मिळाली. आता काजळीला वर आणलं कशात? ओकलेली, लाळ गळणारी कुत्री उचलणाऱ्याने ती कशात तरी गुंडाळली असणार. दुसऱ्या कुणी तो कपडा पुरून टाकला असता, जाळला असता. पण हे माणूस धुलाईवालं आहे. डाग पडला की हात आपोआप हौदाकडे जातो. त्याने कपडा असा धुतला की डागच काय, पाच पिल्लांना आपल्या आईचा मागमूस सापडू नये.

"पिल्लं वासानं आई ओळखतात," मी म्हणाले. "थोरल्याच्या एप्रनलाही थोडा वास होता, म्हणून त्यांनी तो चघळला. घरात काजळी ज्याच्या अंगाला घासली नाही असं कुणी नाही. वन्सं, रोज ती जिच्यावर हनुवटी टेकायची, ती तुमची शाल तेवढी कोरी निघाली. आणि मला सांगितलंत की ती धुतलीच नाही."

थोरला खुर्चीकडे वळला आणि म्हणाला, आत्या, सांग ना आईला काही. पोरगं खरोखर विनवत होतं.

वन्संनी शाल घडी करायला घेतली. चार घड्या, कडा जुळवून, जशा गिऱ्हाइकाला देतो तशा.

"दूध मी मोरीत ओतलं," त्या म्हणाल्या. "चांगलं होतं. वाया गेलं."

मी विचारलं, काजळीने काय घोडं मारलं होतं तुमचं?

"काही नाही. ती माझ्या हातचं खायची. धाकटी आल्यापासून दुसरं कुणी खातं का?" मग त्या माझ्याकडे बघून बोलल्या, आणि आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा. "डागांची खोली जन्मभर मी सांभाळली. सुनेला कारखाना दिलास त्या दिवशी तू मला म्हणालीस, आता तुम्ही आराम करा. आराम म्हणजे काय ते मला कळतं, वहिनी. कोपऱ्यातली खोली आणि वेळेवर ताट. सकाळी तू घाबरलीस, आणि किती दिवसांनी मला हात धरू दिलास. माझ्या हातचं खाल्लंस. तुझ्या जिवावर मी उठले नव्हते. उठायचं असतं तर इतकी वर्षं तुझं जेवण कोण करत होतं?"

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. उलट मी खुर्चीपासून एक पाऊल मागे सरले. त्या खरं बोलत होत्या. माझं वाईट करायचं त्यांच्या मनात नव्हतं. मी घाबरलेली राहिले असते तर त्या सुखाने मला भरवत राहिल्या असत्या, आणि माझी भीती जरा ओसरली असती, तर तेव्हा कोण मेलं असतं?

पोलिसांवरून मुलांत वाद झाला. कुत्रीसाठी कोण येतंय, थोरला म्हणाला. धाकट्याला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पण नवऱ्याच्या पाठच्या बहिणीला मी चार लोकांत उभं करू शकले नाही. मी सांगितलं, त्यांनी या घरात पाणीसुद्धा गरम करायचं नाही. थोरल्याने आजच त्यांना त्यांच्या मावसबहिणीकडे पोहोचवावं आणि तिला सगळं खरं सांगावं, एक अक्षर न गाळता. वन्सं उठल्या. दारात थांबून म्हणाल्या की माझ्या गुडघ्यांचं तेल वरच्या फळीवर आहे, धाकटीला ठाऊक नसेल.

गाडी सुरू झाली तेव्हा मी कान झाकून घेतले होते.

८

संध्याकाळी धाकटीने पानं मांडली. बॅग अजून दारातच होती, उघडलेली नव्हती. धाकटा तिच्याकडे बघत होता, ती भाताकडे.

मला बोलायला जमत नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. चूक झाली हे शब्द माझ्या तोंडाला सवयीचे नाहीत. म्हणून मी हात पुढे केला आणि तिच्या ताटातला, तिने अर्धा खाल्लेला भात उचलून तोंडात घातला. मला वाटलं, यापरता विश्वास आणखी काय दाखवायचा.

तिने माझ्याकडे सावकाश पाहिलं.

"मी आधी चाखलेलं खाताय, आई," ती म्हणाली. "ते काय, कुणीही खाईल."

घास तोंडातच फिरला. खरं होतं ते. कारटीने नेमकं दुखत होतं तिथे बोट ठेवलं होतं. आणि मी ते मुद्दाम केलं होतं की नाही, हे माझं मलाही सांगता येईना.

मी तिचं ताट तिच्यापुढे सरकवलं, माझं रिकामं ताट धरलं आणि म्हणाले, "वाढ मग."

"भांडं तुमच्यासमोर घासू का?"

"नको."

ती उठली. पाठमोरी होती, काय करते ते मला दिसत नव्हतं. डावाचा आवाज आला, झाकणाचा आला, मग बराच वेळ काहीच आला नाही. धाकट्याने जेवणं थांबवलं होतं. ती वळली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीही घाबरली आहे. उद्या मला साधं पोट दुखलं तरी हे घर कुणाकडे बघेल ते ती जाणून होती. तिने वाढलं आणि माझ्या समोर बसली.

माझं काळीज बॉयलरसारखं धडधडत होतं. शहाणपण सगळं सांगून झालं होतं, तरी ते थांबेना.

मी घास केला आणि तिच्या डोळ्यांत बघून गिळला. मग दुसरा केला.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

"उद्या बघते," ती म्हणाली.